आधी पाणी पाहावे : लाकडी होडीच्या दुरुस्तीविषयी

सोलापूर जिल्ह्याला समुद्र नाही, तरी इथल्या होड्या साऱ्या महाराष्ट्राने पाहिलेल्या आहेत. पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात उतरले की पुंडलिकाच्या देवळाजवळ त्या काठाला लागलेल्या दिसतात. त्यांत बसून माणसे विष्णुपदाला जातात, गोपाळपुराकडे जातात. मार्गशीर्षात विठ्ठल विष्णुपदावर मुक्कामाला असतो अशी श्रद्धा आहे, त्या महिन्यात या होड्यांना उसंत नसते. त्या चालवणारी कोळी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नदीवरच जगत आली आहेत. चंद्रभागा म्हणजे भीमाच; तिच्यावर वरच्या अंगाला उजनीचे धरण आहे. १९८० साली ते पूर्ण झाले आणि करमाळा, माढा, इंदापूर या तालुक्यांच्या मधे यशवंतसागराचे अफाट पाणी पसरले. त्यावर मासेमारीच्या होड्या आल्या, या काठाची माणसे त्या काठाला नेणाऱ्या बोटी आल्या, हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला येणाऱ्यांना फिरवणाऱ्याही आल्या. त्यांतल्या काही पत्र्याच्या आहेत, काही फायबरच्या. लाकडाच्या आहेत त्यांच्यासाठी हे पुस्तक आहे.

लाकडी होडी दुरुस्त करायला कोणते साहित्य लागते, कोणती अवजारे लागतात आणि ती कधी वापरायची, एवढाच याचा विषय. तो लहान वाटेल. पण या विषयावरची बहुतेक पुस्तके इंग्रजीत आहेत आणि ओक-पाइनच्या, थंड देशांतल्या बोटींसाठी लिहिलेली आहेत. आपल्याकडचे खरे ज्ञान कोकणातल्या आणि गोव्यातल्या सुतारांच्या हातात आहे. ते फार मोलाचे आहे, मात्र ते खाऱ्या पाण्याचे ज्ञान आहे. देशावरच्या नदीत आणि धरणात चालणाऱ्या होडीचा विचार या दोन्हींत येत नाही. ती होडी कोकणातल्या पद्धतीने दुरुस्त होते, नाहीतर हार्डवेअरच्या दुकानात त्या दिवशी जो डबा मिळेल त्याने दुरुस्त होते, आणि दोन्ही वेळा पुष्कळदा फसते. आमचे म्हणणे असे आहे की होडी कोणत्या पाण्यात राहते, वर्षातले किती महिने ओली असते आणि किती महिने उन्हात पडून असते, हे आधी पाहावे. साहित्य त्यावरून ठरते.

हे समजायला लाकडाचा स्वभाव थोडा जाणून घ्यावा लागतो. लाकडाच्या तंतूंच्या भिंती साधारण ३० टक्के ओलाव्यापर्यंत पाणी धरून ठेवतात. ओलावा त्याखाली उतरू लागला की लाकूड आकसते, पुन्हा त्या मर्यादेपर्यंत चढू लागला की फुगते. गंमत अशी की फळी लांबीत जवळजवळ हलतच नाही. हलते ती रुंदीत. तीही सगळीकडे सारखी नाही. वर्षवलयांच्या कडेकडेने होणारे आकसणे हे गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या आकसण्याच्या सुमारे दुप्पट असते. सागात हे हलणे पुष्कळ कमी, म्हणून साग होडीला मानवतो. सागाखेरीज दुसरे कोणते लाकूड वापरले की त्याच्या हालचालीचा हिशेब ठेवावा लागतो.

आता सोलापूरचा उन्हाळा डोळ्यांसमोर आणा. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर, हवा कोरडीठाक, नदीचे पात्र आटलेले. काठावर ओढून ठेवलेल्या होडीच्या फळ्या रुंदीत आकसतात आणि सांध्यांमधून पलीकडचा उजेड दिसू लागतो. मालक घाबरतो. तो फटींमध्ये कापूस ठासतो, वरून कडक होणारी लांबी दाबून भरतो, रंग देतो. होडी नव्यासारखी दिसते. जुलैत नदीला पाणी येते, फळ्या पाणी पिऊन पुन्हा रुंद होऊ लागतात, पण त्यांची जागा आता कडक लांबीने अडवलेली असते. लाकूड फुगताना जो जोर लावते तो खिळ्यांना पेलत नाही. कुठे फळीची कड चिरडते, कुठे खिळा उपसून येतो, कुठे आतली फासळी तडकते. अशा वेळी होडी जुनी झाली असे म्हणतात. वास्तविक तिला मे महिन्यातल्या दुरुस्तीने मारलेले असते.

कोकणातल्या होडीचे वर्ष वेगळे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तिथली होडी लांब मुक्कामाला वर काढली जाते ती याच काळात, म्हणजे हवेत ओल मुरलेली असते तेव्हा. एरवी ती पाण्यातच असते. त्यामुळे तिचे सांधे चंद्रभागेतल्या होडीइतके कधी उघडत नाहीत. तिथला कारागीर सांधा घट्ट ठासतो आणि त्याचे बरोबरच असते. तोच हात, तोच कापूस, तीच मोगरी घेऊन पंढरपुरात मे महिन्यात काम केले तर उलटे होते. इथे सांधा सैल भरायचा, त्यावर मऊ राहणारे साहित्य घालायचे, आणि पाण्यात सोडण्याआधी होडीला ओली गोणपाटे घालून किंवा उथळ पाण्यात बुडवून ठेवून फुगू द्यायचे. नदीकाठची जुनी माणसे होडी बुडवून ठेवत ती याचसाठी. त्या रीतीमागे पक्के शास्त्र आहे.

शत्रूही वेगळे आहेत. समुद्रात लाकूड पोखरणारा टेरेडो नावाचा प्राणी असतो. दिसतो किड्यासारखा, पण आहे तो शिंपल्यांच्या कुळातला. बाहेरून टाचणीएवढे भोक दिसते आणि आत फळीची चाळण झालेली असते. १७३१ मध्ये हॉलंडचे सागरी बांध सावरणारे लाकूडकाम याने पोखरल्याचे उघडकीला आले तेव्हा सारा देश हादरला होता. आपल्या नदीत आणि धरणात टेरेडो नाही. त्याला खारेपण लागते. म्हणून त्याच्यासाठी बनलेले विषारी रंग उजनीच्या होडीला चोपडणे म्हणजे पैसे वाया घालवणे आणि पिण्याच्या पाण्यात विष सोडणे. गोड्या पाण्यातला शत्रू बुरशी. तिला २० टक्क्यांहून अधिक ओल आणि हवा दोन्ही लागतात. कायम पाण्याखाली असलेली फळी ती कुजवू शकत नाही, कारण तिथे हवा नाही. कुजते ती पाण्याच्या रेषेवरची कड, फळीचे उघडे टोक, बसायच्या पाटाखालचा सांधा, आणि आत पावसाचे पाणी साचते तो कोपरा. होडी तपासायला माणसे वाकून बूड पाहतात. गोड्या पाण्यात आधी वरचा भाग पाहावा.

मग साहित्याचा इतिहास. भारतीय किनाऱ्यावर पुष्कळ काळ होड्या शिवल्या जात. फळ्यांच्या कडांना भोके पाडून काथ्याच्या दोरीने त्या एकमेकींना बांधत, सांध्यात काथ्या भरत आणि राळ व तेल माखत. भोजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ या ग्रंथात नौकेच्या बुडाला लोखंड वापरू नये, समुद्रातले चुंबकी खडक ते ओढून घेतील, असे सांगितले आहे. कारण काल्पनिक, पण शिवलेल्या होडीची बाजू घेणारा तो जुना आधार आहे. त्याच ग्रंथात लाकडांचे हलके-जड, मऊ-कठीण असे चार वर्ग पाडले आहेत आणि वेगवेगळ्या वर्गांची लाकडे एका नौकेत मिसळू नयेत असे बजावले आहे. वर्गांची नावे वर्णांवरून दिली आहेत, ती बाजूला ठेवू. सल्ला मात्र आजही खरा आहे. कमी हलणाऱ्या फळीशेजारी जास्त हलणारी फळी बसवली की त्यांच्यामधला सांधा कधीच स्वस्थ राहत नाही. दुरुस्तीत सर्वांत जास्त होणारी चूक हीच, सागाच्या होडीत मिळेल त्या लाकडाचे ठिगळ.

शिवणकामाची ही परंपरा पुन्हा उजेडात आली ती अलीकडे. अजिंठ्याच्या चित्रातल्या नौकेवरून बेतलेले ‘कौंडिण्य’ हे शिवलेले जहाज गोव्यात बांधले गेले आणि मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झाले. केरळच्या कारागिरांनी काथ्याच्या दोरीने त्याच्या फळ्या शिवल्या. आम्हाला त्यात रस आहे तो दुरुस्तीच्या दृष्टीने. शिवलेली होडी हलू शकते, वाकू शकते, आणि तिची एक फळी काढायची तर दोरी कापली की झाले. खिळा उपसताना शेजारची फळी फाटते तसे होत नाही. काळाबरोबर दोरी कुजते, हा तिचा दोष. म्हणजे दर काही वर्षांनी सारी होडी उसवून पुन्हा शिवायची. पूर्वी याला देखभाल म्हणत, आज आपल्याला ही दुरुस्ती वाटते.

खिळ्यांची परंपरा पोर्तुगीज आल्यावर आपल्या किनाऱ्यावर जोमाने पसरली. शिवाजी महाराजांनी १६५७ नंतर कल्याण-भिवंडीच्या परिसरात आरमार बांधायला घेतले तेव्हा पोर्तुगीज कारागीर कामाला लावले होते. पुढे आंग्र्यांच्या काळात विजयदुर्गाजवळ खाडीकाठी खडकात कोरलेली गोदी उभी राहिली; जहाजे दुरुस्तीसाठी कोरडी काढण्याची ती जागा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी कोणते झाड तोडावे आणि कोणते तोडू नये याचा विचार आहे. आंबा-फणसाची झाडे रयतेने लेकरासारखी वाढवलेली असतात, ती बळाने तोडू नयेत, असा त्याचा आशय आहे. राजकारणाचा ग्रंथ म्हणून आपण तो वाचतो. साहित्याच्या पुरवठ्याविषयीचा मराठीतला इतका जबाबदार मजकूरही तोच.

मुंबईच्या गोदीची कहाणी वाचकांना थोडीफार माहीत असते. सुरतेहून १७३६ मध्ये आलेले लवजी नसरवानजी वाडिया आणि त्यांचे वंशज यांनी तिथे सागाची जहाजे बांधली. त्यांतले ‘ट्रिंकोमाली’ १८१७ मध्ये पाण्यात उतरले आणि आज इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभे आहे. दोनशे वर्षे लाकूड टिकते याचा हा पुरावा. पण ते टिकले ते सागाच्या गुणाइतकेच वेळोवेळी झालेल्या दुरुस्त्यांमुळे, हे सांगायचे राहून जाते.

याच सुमारास तांबे आले. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या जहाजाच्या बुडाला टेरेडोपासून वाचवायला तांब्याचा पत्रा मारला. दोनच वर्षांत दिसले की तांबे शाबूत आहे आणि त्याला लागून असलेले लोखंडी खिळे विरघळल्यासारखे झाले आहेत. दोन धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना लागले की हलका पडणारा धातू झिजतो. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी याच तत्त्वाचा उपाय केला. मुद्दाम झिजायला दुसरा धातू जोडायचा, म्हणजे पत्रा वाचतो. आज इंजिनाच्या बोटींना जस्ताचे गोळे लावतात ते त्यामुळेच. आमच्या वाचकाला यातून घ्यायचे ते एवढे की एका होडीत तांबे, पितळ, गॅल्व्हनाइज्ड लोखंड आणि स्टेनलेस यांची सरमिसळ करू नये. स्टेनलेसवर तर आंधळा विश्वास असतो. ओल्या लाकडात खोल रुतलेल्या, हवा न लागणाऱ्या जागी स्टेनलेसलाही बारीक भेगांतून गंज खातो, आणि बाहेरचे डोके चकचकीत असताना आत स्क्रू अर्धा झालेला असतो.

आपल्याकडची बाभूळ इथे मुद्दाम आठवते. सोलापूरच्या माळावर ती पुष्कळ, तिची वाकडी लाकडे फासळ्यांना जन्मतःच बेतलेली, आणि ताकद भरपूर. तिच्यात टॅनिन भरपूर असते. कातडी कमावायला तिची साल वापरतात ती त्यामुळेच. साधा लोखंडी खिळा ओल्या बाभळीत ठोकला की त्याभोवती काळा डाग धरतो, खिळा झिजतो आणि भोवतालचे लाकूडही मऊ पडते. खिळ्याची पकड जाते. बाभूळ वापरायची तर तांब्याचा नाहीतर निदान चांगला जाड मुलामा दिलेला खिळा वापरावा. हा सल्ला किनाऱ्यावरच्या सुतारापेक्षा आम्हाला जास्त लागू आहे.

विसाव्या शतकात लाकडात औषध मुरवण्याचे शास्त्र आले आणि त्यातला एक मोठा शोध भारतातला आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशन यांनी १९३३ मध्ये तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण तयार केले. ते पाण्यात विरघळते, लाकडात मुरते आणि मग तिथेच घट्ट बसते. जगभर ते वापरले गेले. आर्सेनिकमुळे आता त्यावर बरेच निर्बंध आहेत, आणि असे लाकूड कापताना तोंडाला मास्क हवा, त्याचे तुकडे चुलीत घालायचे नाहीत, हे ठळक अक्षरांत सांगण्याजोगे आहे. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने लाकडी मासेमारी बोटींच्या जतनावर पुष्कळ काम केले. किनाऱ्यावर त्या कामाचा उपयोग झाला. देशावर ते फारसे पोचले नाही.

आणि मग फायबर. काचेच्या कापडावर पॉलिएस्टर रेझिन ओतून होडीचे अंगच नवे करायचे, ही कल्पना मोहात पाडणारी आहे. जुन्या, गळणाऱ्या लाकडी होडीवर बाहेरून फायबरचे कातडे चढवायचे म्हणजे सगळे प्रश्न मिटले, असे वाटते. आम्ही या पद्धतीच्या विरोधात आहोत आणि ते इथेच स्पष्ट सांगतो. पॉलिएस्टर लाकडाला नीट चिकटत नाही, तेलकट सागाला आणि ओल्या लाकडाला तर मुळीच नाही. आत लाकूड हलत राहते, बाहेरचे कातडे हलत नाही. दोन-चार हंगामांत दोहोंच्या मधे पोकळी होते, तिच्यात पाणी शिरते आणि बाहेर पडू शकत नाही. ओल आणि थोडी हवा, बुरशीला याहून चांगले घर नाही. वरून होडी गुळगुळीत आणि आतून भुसा. फायबरची होडीच हवी असेल तर फायबरचीच बांधावी. लाकडावर तिचे ओझे टाकू नये.

इपॉक्सीचे तसे नाही, आणि इथे चिंचोळीविषयी सांगायला हवे, कारण हे पुस्तक आकाराला आले ते सोलापूर-पुणे महामार्गावरच्या या औद्योगिक वसाहतीत. मोहोळ तालुक्यातल्या या माळावर होडी नाही, पण होडीच्या आधुनिक दुरुस्तीतला अर्धा रसायनविषय इथे आहे. इपॉक्सी दोन भागांची असते. रेझिन हा एक भाग, आणि त्याला कडक करणारा हार्डनर हा दुसरा. बहुतेक हार्डनर अमाइन कुळातले असतात. चिंचोळीत अमाइनचा मोठा उद्योग आहे. बालाजी स्पेशालिटी केमिकल्सच्या कारखान्यात इथिलीन डायअमाइन आणि डायइथिलीन ट्रायअमाइन बनतात. ही इपॉक्सीच्या हार्डनरांच्या घराण्यातली मूळ रसायने आहेत. अशा रसायनांमध्ये वावरणाऱ्या माणसांना हार्डनर म्हणजे काय हे हाताने माहीत असते. होडीवाल्याला ते कुणी सांगत नाही. या दोघांमधले अंतर कमी व्हावे, अशी आमची इच्छा आहे.

सांगण्यासारखी मुख्य गोष्ट ही. पॉलिएस्टरमध्ये जे थेंब घालतात ते क्रिया सुरू करून देतात. ते एक-दोन टक्के असतात. थंडीत थोडे जास्त, उन्हाळ्यात थोडे कमी घातले तरी चालते. इपॉक्सीचा हार्डनर क्रिया सुरू करणारा नसतो, तो क्रियेत भाग घेणारा असतो. त्याचा प्रत्येक कण रेझिनच्या कणाशी जोडला जातो. लवकर सुकावे म्हणून हार्डनर जास्त घातला तर जास्तीचा भाग न जोडता तसाच राहतो आणि सांधा कायमचा रबरी, चिकट, कमजोर होतो. फायबरच्या कामावरून आलेला माणूस नेमकी हीच चूक करतो. डब्यावर लिहिलेले प्रमाण वजनाचे आहे की मापाचे तेही पाहावे लागते. उष्णता दर १० अंशांनी वाढली की इपॉक्सी साधारण दुप्पट वेगाने जमते. सोलापूरच्या दुपारी डब्यात कालवलेले मिश्रण हातातच तापून धूर सोडते. पसरट थाळीत थोडे थोडे कालवावे, सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर काम करावे. हातमोजे नायट्राइलचे हवेत. अमाइनची अ‍ॅलर्जी एकदा जडली की पुन्हा त्या कामाकडे फिरकता येत नाही; उघड्या हाताने काम करणाऱ्या तरुणांना हे पहिल्या दिवशी सांगायला हवे.

इपॉक्सीच्या पद्धतीने लाकडी बोटी बांधण्याची शाळा अमेरिकेत मिशिगनच्या गूजन बंधूंनी १९७० च्या दशकात रूढ केली. पातळ लाकडाचे थर इपॉक्सीने एकजीव करायचे, सगळ्या बाजूंनी लेप द्यायचा, म्हणजे लाकडात ओल जातच नाही आणि ते हलतही नाही. आपल्याकडे गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली ‘म्हादेई’ याच घराण्यातली, लाकडाच्या गाभ्यावर काच आणि इपॉक्सी. २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. लाकूड आणि इपॉक्सी यांची जोडी काय करू शकते हे तिने दाखवले. पण ती सुरुवातीपासून तशी बांधलेली होती. पन्नास वर्षे पाणी प्यालेल्या, खिळ्यांच्या होडीला मधूनच इपॉक्सी लावून ती ‘म्हादेई’ होत नाही. इपॉक्सी लावायला लाकडाची ओल १२ टक्क्यांच्या आसपास उतरलेली असावी लागते. जुन्या होडीत तिचा उपयोग ठरावीक ठिकाणी करावा. तुटलेल्या फासळीचा जोड, कुजून काढलेल्या टोकाला नवे टोक, फळीची चीर, अशा जागी ती उत्तम. फळ्यांमधल्या हलत्या सांध्यात ती कधीच नाही.

त्या हलत्या सांध्यासाठी अजूनही कापूस आणि तेलच. इथे सोलापूरकराला कुठेही दूर जायला नको. १८७७ मध्ये जुनी मिल निघाली तेव्हापासून हे सुताचे शहर आहे. सांध्यात भरायला लांब धाग्याचा, पीळ न दिलेला, तेल न लागलेला कापूस हवा, आणि तो इथे मिळतो. तेल जवसाचे. हवेत ते हळूहळू जमून लवचिक पापुद्रा धरते. त्यात खडूची भुकटी मळली की जुन्या पद्धतीची मऊ लांबी तयार होते. करडईचे तेलही याच जातीचे, जरा मंद. कोकणात उंडीचे तेल, राळ आणि चुना हे काम करतात. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जमताना ते तेल उष्णता सोडते आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेट घेतो. त्या पाण्यात बुडवाव्यात किंवा मोकळ्या पसरून वाळू द्याव्यात.

अवजारांबद्दल पुस्तकात बरेच आहे, इथे थोडेच सांगतो. करवत, रंधा, पटाशी, वाकस, गिरमिट, गुण्या, ओळंबा ही सुताराची नेहमीची मंडळी. होडीत सरळ रेषा कमी म्हणून गुण्यापेक्षा वाकसाला आणि डोळ्याला काम जास्त. वाकस चांगला चालवणारे हात कमी होत चालले आहेत ही आम्हाला वाटणारी खरी काळजी आहे, कारण वळणदार फळीची कड ग्राइंडरने घासून बसवता येत नाही. ग्राइंडर लाकूड जाळतो, आणि जळलेल्या पृष्ठभागावर काहीच धरत नाही. सांधा भरायला बोथट धारेची रुंद छिन्नी आणि लाकडी मोगरी हवी. लोखंडी हातोड्याने ठोकले की किती जोर लागला ते हाताला कळत नाही. शिकंजे जितके असतील तितके कमीच. आणि दोन गोष्टी ज्या सुताराच्या पेटीत नसतात पण असायला हव्यात. एक, ओलावा मोजायचे छोटे यंत्र. दुसरी, दाभण. फळीत दाभण टोचून पाहिले की ते कुठे सहज शिरते ते कळते, आणि कुजलेला भाग नेमका किती काढायचा ते ठरते. जोड घालताना तिरपा छेद जाडीच्या निदान ८ पट लांब घ्यावा. घाईत चौपट घेतलेला जोड पहिल्या लाटेला उघडतो.

हे सगळे आजच का? जुन्या होड्या दुरुस्त करण्याला पर्याय कमी होत आहेत. चांगला साग महाग आहे, नवी लाकडी होडी बांधणारे थोडे. दुसरे म्हणजे कायदा. १९१७ चा अंतर्गत जलवाहतुकीचा कायदा जाऊन २०२१ चा नवा आला, आणि त्यात बिनइंजिनाच्या होड्यांचाही विचार केला आहे. होडी सुरक्षित आहे की नाही हे कुणीतरी पाहायचे तर ते पाहणाऱ्याला आणि होडीवाल्याला एक भाषा हवी. तिसरे कारण मनाला लागणारे आहे. मे २०२४ मध्ये उजनीच्या पाण्यात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. वादळाचा दोष दुरुस्तीवर टाकता येणार नाही आणि आम्ही तो टाकत नाही. पण या पाण्यावर रोज माणसे जातात, त्यात मुले असतात, हे त्या दिवसानंतर विसरता येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला महापूर आला तेव्हा गावेच्या गावे पाण्यात होती आणि माणसे बोटीने काढावी लागली. आपला जिल्हा दुष्काळी म्हणून ओळखला जातो, आणि तरीही इथे होडीची गरज अचानक, एका रात्रीत उभी राहते.

पुस्तकात काय नाही तेही सांगायला हवे. इंजिनाबद्दल काही नाही. संपूर्ण नवी होडी कशी बांधावी हेही नाही. निव्वळ फायबरच्या बोटींची दुरुस्ती हा स्वतंत्र विषय आहे आणि त्यावर माहिती मिळू शकते. आम्ही दोष ओळखण्यापासून सुरुवात केली आहे, कारण साहित्याची निवड तिथे ठरते. त्यानंतर प्रत्येक साहित्याची ओळख करून देताना ते गोड्या पाण्यात कसे वागते आणि खाऱ्या पाण्यात कसे, हे दोन्ही दिले आहे, म्हणजे मालवणचा किंवा वर्सोव्याचा वाचकही ते वापरू शकेल. दुकानात न मिळणाऱ्या गोष्टींना स्थानिक पर्याय सुचवले आहेत. जिथे पर्याय नाही तिथे तसे स्पष्ट म्हटले आहे. प्लायवूड घ्यायचे तर त्यावर आयएस ७१० हा शिक्का पाहावा, नुसते ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेले घेऊ नये, असे साधे व्यवहारही वारंवार सांगितले आहेत, कारण होडी शेवटी अशाच साध्या चुकांनी बुडते.

वापरणाऱ्यांना एक विनंती. पुस्तक घेऊन थेट दुकानात जाऊ नका. पाणी उतरले आणि होडी काठावर आली की पहिल्याच आठवड्यात, ती अजून ओली असताना, दाभण आणि ओलावा मोजायचे यंत्र घेऊन तिच्याभोवती एक फेरी घाला. कुठे किती ओल आहे, कुठे दाभण शिरते, कोणत्या खिळ्याभोवती काळे पडले आहे, हे खडूने फळीवरच लिहा. महिन्याभराने, फटी उघडल्यावर, त्याच खुणांवर पुन्हा मोजा. त्या दोन आकड्यांमधला फरक वहीत उतरवला की साहित्याचे प्रकरण उघडायची वेळ झाली.